नवतपा आणि नववा महिना

देवळी (जि. वर्धा) : मे महिन्याचा शेवटचा आठवडा उजाडला, की विदर्भात घड्याळापेक्षा पाऱ्याकडे अधिक लक्ष लागते. सूर्य रोहिणी नक्षत्रात प्रवेश करतो आणि २५ मेच्या सुमारास ‘नवतपा’ सुरू होतो. एरवी गजबजलेल्या वर्धा-यवतमाळ मार्गावरील देवळीतही सकाळी अकरानंतर रस्ते ओस पडतात. जो दिसतो त्याचे तोंड दुपट्ट्याने बांधलेले, आणि जो दिसत नाही तो कूलरपुढे. हवामान खात्याच्या निकषानुसार मैदानी भागात कमाल तापमान ४५ अंशांवर गेले, की उष्णतेची लाट समजली जाते. विदर्भाला या आकड्याचे अप्रूप नाही. नागपुरात २३ मे २०१३ रोजी पारा ४७.९ अंशांवर पोहोचला होता.

अशा दिवसांत पोटात सात-आठ महिन्यांचे बाळ घेऊन वावरणाऱ्या स्त्रीची अवस्था काय होत असेल, याची कल्पना घरातील इतरांना क्वचितच असते. पाय सुजले, चक्कर आली, लघवीला जळजळ झाली, अंगाला खाज सुटली, रात्रभर झोप लागली नाही; यांपैकी काहीही सांगितले, की घरातून एकच उत्तर मिळते, ‘ऊनच तेवढे आहे, उन्हामुळे होते!’ बहुतेक वेळा ते खरेही असते. मात्र जेव्हा ते खरे नसते, तेव्हा हेच उत्तर महागात पडते. म्हणून उन्हाळ्यात गर्भवतीने सुखाने कसे राहावे, या प्रश्नाला दोन बाजू आहेत. त्रास कमी कसा करावा ही एक, आणि कोणता त्रास उन्हाच्या माथी मारू नये ही दुसरी.

दोन जीवांची उष्णता, एक कातडी

गर्भवतीला उकाडा जास्त जाणवतो हा नाजूकपणा नव्हे, त्यामागे शरीराचे साधे गणित आहे. गर्भारपणात शरीरातील रक्ताचे प्रमाण ४० ते ५० टक्क्यांनी वाढते, हृदयाचे काम वाढते, चयापचयाचा वेग वाढतो आणि त्याबरोबर शरीरात निर्माण होणारी उष्णताही वाढते. पोटातील बाळाचे तापमान आईच्या तापमानापेक्षा सुमारे अर्ध्या अंशाने अधिक असते. बाळाला स्वतंत्रपणे घाम गाळता येत नाही. त्याची उष्णता मुख्यतः वारेतून आईच्या रक्तात येते आणि आईच्या कातडीवाटे बाहेर पडते. म्हणजे दोन जिवांना थंड ठेवण्याचे काम एकाच कातडीवर येऊन पडते.

उष्णता बाहेर टाकण्यासाठी शरीर कातडीकडे जास्त रक्त पाठवते आणि घाम गाळते. त्यातच पाणी कमी पडले, तर रक्तदाब उतरतो, चक्कर येते, आणि गर्भाशयाकडे जाणारा रक्तप्रवाहही कमी होण्याचा धोका असतो. पाणी कमी पडल्याने पोट वारंवार कडक होणे, वेळेआधीच्या कळांसारखे आखडणे असेही होते.

विदर्भातील उन्हाळ्याची आणखी एक खोड आहे. इथली हवा एप्रिल-मेमध्ये इतकी कोरडी असते, की आलेला घाम कातडीवर थांबतच नाही, लगेच उडून जातो. मुंबईकराचा सदरा ओला होतो, म्हणून त्याला घाम आल्याचे कळते. देवळीत अंग कोरडेच राहते आणि शरीरातून पाणी किती गेले याचा पत्ता लागत नाही. ‘मला तर घामच येत नाही’ असे म्हणणारी स्त्री प्रत्यक्षात पाणी गमावतच असते.

याविषयीचे संशोधन आता पुष्कळ पुढे गेले आहे. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये २०२० साली प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात २७ देशांतील ७० अभ्यासांचा विचार करण्यात आला. तापमानातील प्रत्येक अंशाच्या वाढीमागे वेळेपूर्वी प्रसूतीची शक्यता सुमारे ५ टक्क्यांनी, तर उष्णतेच्या लाटेच्या काळात सुमारे १६ टक्क्यांनी वाढलेली त्यात आढळली. एकट्या स्त्रीपुरता पाहिला तर हा धोका फार मोठा नाही, घाबरून जावे असा तर नाहीच. पण तो सर्वांना सारखाही नसतो. चेन्नईच्या श्री रामचंद्र संस्थेच्या संशोधकांनी तमिळनाडूतील ८०० गर्भवतींचा अभ्यास केला. ज्यांना कामाच्या ठिकाणी तीव्र उष्णता सोसावी लागत होती, त्यांच्यात गर्भपात किंवा मृत बालक जन्मण्याचा धोका सुमारे दुप्पट आढळला. पश्चिम आफ्रिकेतील गाम्बिया या देशात शेतात राबणाऱ्या ९२ गर्भवतींच्या अभ्यासात उष्णतेचा ताण जसा वाढला, तशी बाळावर ताण पडल्याची चिन्हेही वाढली. देवळी तालुका कापूस-सोयाबीनचा. पेरणीपूर्वी शेतातील पऱ्हाट्या आणि धसकटे वेचण्याचे काम नेमके याच दिवसांत असते आणि ते बहुधा बायकांच्याच वाट्याला येते. शहरी वाचकांनीही हे परके समजू नये. बांधकामावर विटा वाहणारी, टिनाच्या छपराखाली शिलाईयंत्र चालवणारी आणि भर दुपारी चार घरची धुणीभांडी उरकून पाचव्या घरी निघालेली स्त्री याच गणितात येते.

पाणी : किती, कोणते आणि केव्हा

तहान लागल्यावर पाणी पिण्याचा नियम या दिवसांत पुरेसा नाही. एरवी दिवसाला अडीच-तीन लिटर पाणी पुरत असेल, तर कडक उन्हाळ्यात त्याहून अधिक लागते. एकदम तांब्याभर पिण्यापेक्षा तासातासाला पेलाभर पिणे पोटाला झेपते. पुरेसे पाणी जाते की नाही, हे किती वेळा लघवीला जावे लागते यावरून ठरवू नये, कारण गर्भारपणात ते प्रमाण तसेही वाढलेले असते. रंग पाहावा. फिकट असेल तर ठीक, गडद पिवळा असेल तर पाणी कमी पडत आहे.

माठातले पाणी, ताक, निंबूपाणी, कैरीचे पन्हे, सातूचे पातळ पीठ, काकडी, टरबूज ही आपल्याकडची जुनी मंडळी आजही उत्तम काम करतात. ज्यांचा रक्तदाब वाढलेला आहे त्यांनी ताक-पन्ह्यात मीठ बेताचे टाकावे, आणि ज्यांना गर्भारपणातील मधुमेह आहे त्यांनी पन्हे, उसाचा रस, बाटलीबंद शीतपेये यांपासून दूर राहावे. जुलाब, उलट्या किंवा उन्हात फार घाम गेल्यानंतर ओआरएस अधिक उपयोगी. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार बनवलेले एक मोठे पाकीट एक लिटर पाण्यात पूर्ण विरघळवायचे. अर्धे पाकीट पेल्यात टाकून ‘स्ट्राँग’ करण्याचा प्रकार घातक आहे. पाकीट आशा कार्यकर्तीकडे मिळते. नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हा घरगुती उपाय आहेच. पहिल्या तीन महिन्यांत ज्यांना सतत उलट्या होतात, त्यांनी या बाबतीत विशेष जपावे. पाणीही पोटात टिकत नसेल तर दवाखाना गाठावा, सलाइनची गरज पडू शकते.

रस्त्यावरचा बर्फ मात्र कटाक्षाने टाळावा. यामागे घसा बसण्याच्या भीतीपेक्षा मोठे कारण आहे. दूषित पाण्यातून पसरणारी ‘हिपॅटायटिस ई’ ही कावीळ इतरांना बहुधा काही आठवड्यांत सोडून जाते, पण शेवटच्या तिमाहीतील गर्भवतीसाठी ती जीवघेणी ठरू शकते. त्या काळात लागण झालेल्या स्त्रियांमध्ये मृत्यूचे प्रमाण २० ते २५ टक्क्यांपर्यंत गेल्याची नोंद आहे. पाणीटंचाईच्या दिवसांत टँकरचे, विहिरीचे पाणी उकळून माठात भरणे हे कंटाळवाणे काम आहे, परंतु गर्भवती घरात असताना त्याला पर्याय नाही.

पाण्याविषयी एक गोष्ट बोलली जात नाही. अनेक स्त्रिया पाणी कमी पितात त्या कंटाळ्याने नव्हे, तर बाहेर स्वच्छतागृह मिळणार नाही म्हणून. बसस्थानक, लग्नाचा मंडप, शेत, कचेरी, कुठेही जायचे असले की सकाळपासून पाणी बंद! मग लघवी तुंबवून धरणे, त्यातून जंतुसंसर्ग आणि मग जळजळ. या जळजळीला आपण ‘उन्हाळी लागली’ म्हणतो. भाषेनेच दोष उन्हाळ्यावर टाकून मोकळे व्हावे, याचा याहून चांगला नमुना सापडणार नाही. गर्भारपणात मूत्रमार्गाचा संसर्ग सहज वर सरकून मूत्रपिंडापर्यंत जातो आणि वेळेआधी कळा येण्याचे निमित्त होऊ शकतो. सब्जा आणि धने-जिऱ्याचे पाणी पिण्यास हरकत नाही, पण जळजळ असेल तर लघवीची तपासणी करून घ्यावी. ताप, थंडी किंवा कंबरेच्या वर दुखणे असेल तर त्याच दिवशी.

घर कोणते, खोली कोणती

वर्धा जिल्ह्याला थंड घराचा धडा बाहेरून घेण्याची गरज नाही. देवळीपासून तासाभराच्या अंतरावरील सेवाग्राम आश्रमात १९३६ पासूनच्या माती-बांबूच्या, कवेलूंच्या कुटी आजही उभ्या आहेत. भर मे महिन्यात आत पाऊल ठेवल्यावर फरक लगेच कळतो. आता गावोगावी कवेलू जाऊन टिन आणि सिमेंटचा स्लॅब आला. टिन दुपारी तापते आणि लवकर निवते. स्लॅब मात्र दिवसभर उष्णता शोषतो आणि रात्री ती खाली सोडत राहतो. त्यामुळे स्लॅबच्या घरात गर्भवतीने वरच्या मजल्यावर झोपू नये. अहमदाबादेत २०१० च्या उष्णतेच्या लाटेनंतर एका महापालिका रुग्णालयाने आपला सर्वांत वरच्या मजल्यावरील प्रसूती कक्ष खालच्या मजल्यावर हलवला, तेव्हा उष्णतेमुळे आजारी पडून दाखल होणाऱ्या नवजात बालकांची संख्या लक्षणीय घटली. खर्चाचा विचार करता याहून स्वस्त उपाय शोधणे कठीण. छतावर चुन्याचा पांढरा थर, पश्चिमेच्या खिडकीला ओले पोते वा वाळ्याची ताटी, संध्याकाळी अंगणात सडा आणि रात्री समोरासमोरच्या खिडक्या उघड्या, हे सारे ऐपतीच्या आतले आहे.

पंखा आणि कूलर यांची मर्यादाही समजून घ्यायला हवी. खोलीतील हवाच ४० अंशांच्या वर असेल, तर पंखा गरम हवाच अंगावर फेकतो. अंगावर ओला पंचा घेतला किंवा हातपाय ओले केले, तर तोच पंखा उपयोगी पडतो. कूलर कोरड्या हवेत उत्तम चालतो, मात्र त्याला एक तरी खिडकी उघडी लागते. दारे-खिडक्या लावून कूलर लावणारी घरे थोडी नाहीत. त्यांना तासाभरात चिकचिक का होते, याचे कोडे पडते. लोखंडी कूलरमध्ये चालू स्थितीत पाणी भरताना विजेचा धक्का बसल्याच्या बातम्या विदर्भात दर उन्हाळ्यात छापाव्या लागतात. बटन बंद करून, प्लग काढून मगच पाणी भरावे, आणि ती बादली गर्भवतीने उचलू नये हे वेगळे सांगायला नको. आठवड्यातून एकदा टाकी कोरडी केली, तर डासांची पैदासही थांबते.

खरा भट्टीचा भाग स्वयंपाकघर आहे, आणि त्याकडेच सर्वांत कमी लक्ष जाते. बारा वाजता पोळ्या लाटणाऱ्या गर्भवतीला नंतर कूलरसमोर बसवून निंबूपाणी देणे म्हणजे चटका देऊन फुंकर घालणे होय. स्वयंपाक सकाळी नऊच्या आत उरकावा, दुपारच्या गरम पोळीचा हट्ट महिना-दोन महिने सोडावा, पाणी भरण्याचे काम घरातील पुरुषांनी घ्यावे. गर्भवतीचा उन्हाळा सुखाचा जाणे हे तिच्या पथ्यापेक्षा घरच्यांच्या वेळापत्रकावर अधिक अवलंबून असते, असे आमचे मत आहे. ज्येष्ठातील वटपौर्णिमेचा निर्जळी उपवासही या वर्षापुरता बाजूला ठेवावा.

कपडे सैल, सुती आणि फिकट असावेत. झोपताना डाव्या कुशीवर झोपावे. उताणे झोपल्यास गर्भाशयाचा भार मोठ्या रक्तवाहिनीवर पडून घाबरल्यासारखे होते आणि त्याचा दोषही उकाड्याला दिला जातो. संध्याकाळी दुसऱ्यांदा साध्या पाण्याने आंघोळ केल्याने बाळाला सर्दी होत नाही. घामोळ्यांना थंड पाणी आणि कोरडे सुती कापड पुरते. जांघेत वा स्तनांखाली गजकर्ण झाल्यास औषध दुकानातून परस्पर मलम आणू नये. तशा अनेक मलमांत स्टेरॉइड असते, आणि त्याने बुरशी दबल्यासारखी वाटून पुढे अधिक पसरते.

गोळ्या ‘गरम’ पडतात?

उन्हाळ्यात लोहाच्या गोळ्या बंद करण्याची पद्धत सार्वत्रिक आहे. गोळी ‘गरम पडते’, असे सासूपासून शेजारणीपर्यंत सारेच सांगतात. गोळीने पोटात मळमळ वा जळजळ होते, शौचाला काळे व कडक होते, हे खरे. शरीराची उष्णता मात्र तिने वाढत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाहणीत देशातील ५२ टक्के गर्भवतींना रक्तक्षय असल्याचे आढळले. रक्त कमी असलेल्या स्त्रीला उन्हात अधिक धाप लागते, अधिक चक्कर येते. म्हणजे उष्णतेच्या भीतीने गोळी सोडायची आणि त्यामुळेच उष्णता अधिक बाधायची, असा हा उलटा कारभार आहे. गोळी रात्री, जेवणानंतर तास-दोन तासांनी, निंबूपाण्याबरोबर घ्यावी. चहाबरोबर किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेतल्यास ती अंगी लागत नाही. फारच त्रास झाला तर डॉक्टरांकडून गोळी बदलून घ्यावी, मनाने बंद करू नये.

तपासणीलाही उन्हामुळे दांडी मारली जाते. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानांतर्गत सरकारी रुग्णालयांत मोफत तपासणी होते. देवळीच्या ग्रामीण रुग्णालयासारख्या ठिकाणी या दिवशी गर्दी असते. दाखवायला लवकर जावे, सोबत पाण्याची बाटली, खाऊ आणि एक माणूस असावा. सोनोग्राफी किंवा मोठ्या तपासणीसाठी सावंगी (मेघे) वा सेवाग्रामला जायचे असल्यास सकाळची गाडी धरावी. दुपारी दोनच्या एसटीत खिडकीजवळ बसून झळा खाण्यापेक्षा संध्याकाळपर्यंत सावलीत थांबून परतलेले बरे. सातव्या महिन्याचे डोहाळजेवण आणि माहेरची पाठवणी यांच्या तारखाही उन्ह पाहून ठरवाव्यात. मुहूर्त बाराचाच असेल, तर ओटी घरात भरावी, मंडपात नव्हे.

हे उन्हाचे नव्हे

काही लक्षणे मात्र उन्हाच्या नावावर मुळीच खपवू नयेत. संध्याकाळी पावले सुजणे आणि सकाळी सूज उतरणे हे उन्हाळ्यात बहुतेकींना होते. पण सूज चेहऱ्यावर, हातांवर आली, अंगठी एकाएकी घट्ट झाली, सोबत डोके सतत दुखू लागले, डोळ्यांपुढे अंधारी वा काजवे आले, बरगडीखाली दुखू लागले, तर तो गर्भारपणातील रक्तदाबाचा विकार असू शकतो. डॉक्टर त्याला ‘प्रीएक्लॅम्प्सिया’ म्हणतात. पुढे त्यातून झटके येतात. अशी डोकेदुखी ‘ऊन लागले’ म्हणून कांदा चोळत घरी काढू नये. आधी रक्तदाब मोजावा. १४०/९० किंवा त्याहून अधिक आला तर तातडीने डॉक्टर गाठावा.

पुरळ नसताना तळहात-तळपायांना, विशेषतः रात्री, असह्य खाज सुटणे हे घामोळ्यांचे लक्षण नाही. यकृतातील पित्त तुंबल्याने तसे होऊ शकते आणि त्याचा धोका बाळाला असतो; साध्या रक्ततपासणीत ते कळते. बाळाची हालचाल नेहमीपेक्षा कमी झाली, तर ‘उकाड्याने तेही निपचित पडले असेल’ असे समजून दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये, त्याच दिवशी रुग्णालयात जावे. अंगावरून पाणी वा रक्त जाणे, ठरावीक वेळाने पोट कडक होणे, तापाने अंग फणफणणे यांनाही हेच लागू.

उष्माघाताची खूण वेगळी असते. अंग भाजल्यासारखे तापते, बोलणे असंबद्ध होते, शुद्ध हरपू लागते. अशा वेळी स्त्रीला तत्काळ सावलीत नेऊन डाव्या कुशीवर झोपवावे, कपडे सैल करावेत, अंगभर पाणी ओतून वारा घालावा, मान, काखा, जांघा येथे थंड ओली फडकी ठेवावीत. शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी घालू नये. तापाची गोळी येथे कामाची नाही. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. गर्भवतींसाठी १०२ ची मोफत सेवाही आहे. रुग्णवाहिका येईपर्यंत अंग थंड करणे थांबवू नये.

बाजेखालची शेगडी

बाळंतपण मे महिन्यातच झाले, तर खरी कसोटी पुढे असते. बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून बंद खोली, कानाला फडके, बाजेखाली शेगडी आणि पाणी मोजून. ही पद्धत थंडीच्या दिवसांत एक वेळ समजून घेता येईल, पण ४५ अंशांत ती आई आणि बाळ दोघांसाठीही धोक्याची आहे. कोळशाच्या धुराने बंद खोलीतील हवा विषारी होते ते निराळेच. खोली हवेशीर ठेवावी, कूलरचा झोत थेट अंगावर न घेता खोलीत सोडावा, बाळाला एकच पातळ सुती झबले घालावे. बाळाला दुपट्यात घट्ट गुंडाळले, तर त्याचे अंग तापते आणि मग ताप समजून धावपळ होते. अंग गरम लागले की आधी कपडे काढून अर्ध्या तासाने पुन्हा पाहावे. तरी गरमच असेल, किंवा बाळ दूध ओढत नसेल, तर दवाखाना. बाळाला मात्र उन्हाळा आहे म्हणून चमच्याने पाणी देऊ नये. सहा महिने आईच्या दुधातच त्याचे सारे पाणी असते, अगदी नवतपातसुद्धा. पाणी आईने प्यावे, प्रत्येक वेळी पाजायला बसताना एक पेला.